आजची तारीख ४ ऑक्टोबर : सात प्रश्न, गूगल न करता

तारखेवाला :
चला मंडळी, ४ ऑक्टोबर. तारीख दिसायला साधी आहे पण आज माल भरपूर आहे त्यामुळे पाचाऐवजी सात प्रश्न. नियम तेच, गूगल नाही, एआयला विचारणं तर अजिबात नाही, डोक्यात असेल तेवढंच लिहायचं आणि चुकलं तर चुकलं, कोणी फासावर चढवत नाही.

१. १९५७ साली आजच्या दिवशी माणसाने बनवलेली पहिली वस्तू पृथ्वीभोवती फिरायला लागली. स्पुटनिक सगळ्यांनाच माहीत म्हणून नाव विचारत नाही, वजन सांगा. जवळपास चालेल.
२. एक प्रसिद्ध बाई ४ ऑक्टोबरच्या रात्री वारल्या आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे १५ ऑक्टोबरला, त्यांना पुरलं. टायपो नाही. कोण आणि कसं?
३. १८८३, पॅरिसहून एक गाडी सुटली जी पुढे फारच गाजली.
४. १९४७, ज्यांच्या नावाचा स्थिरांक फिजिक्सवाल्यांच्या पाचवीला पुजलेला असतो ते गृहस्थ गेले.
५. १६६९, अ‍ॅमस्टरडॅममध्ये एक चित्रकार गेला. हिंट : स्वतःचंच तोंड रंगवायची भारी हौस.
६. २००४, एक कोटी डॉलरचं बक्षीस कोणी कशासाठी मारलं?
७. हिशेबाचा. ४ ऑक्टोबर १५८२ ते ४ ऑक्टोबर १९५७, किती दिवस झाले? कागद पेन्सिल चालेल.

उत्तरं रात्री.

उगाचच :
१. ८४ किलो, कारण माझंही तेवढंच आहे आणि मागे कुठेतरी वाचून बरं वाटलं होतं
४. प्लँक
५. रेम्ब्रांट
२. अकरा दिवस बर्फात ठेवलं असेल बाईंना
बाकीचं तुमचं चालू द्या

गणितकाकू :
७ चं उत्तर १,३६,९६६. तोंडी केलंय. ३७५ वर्षं गुणिले ३६५ म्हणजे १,३६,८७५, त्यात लीप वर्षं १५८४ पासून १९५६ पर्यंत ९४, त्यातून १७००, १८०० आणि १९०० वजा कारण शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग गेला तरच लीप, म्हणजे उरली ९१. बेरीज करा.
३. ओरिएंट एक्सप्रेस. २ माहीत नाही.

शंकासुर :
काकू, २ माहीत नाही म्हणताय तिथेच ७ ची गोम आहे. उत्तर दहाने कमी करा.

गणितकाकू :
का?

शंकासुर :
कारण १५८२ च्या ऑक्टोबरात ५ ते १४ या तारखा झाल्याच नाहीत. गुरुवार ४ तारीख, रात्री झोपले, सकाळी उठले तर शुक्रवार १५. पोप ग्रेगरी तेरावा, त्याने त्या वर्षीच्या फेब्रुवारीत फर्मान काढलं होतं की दहा दिवस उडवा. प्रश्न २ मधल्या बाई म्हणजे स्पेनमधल्या अविलाच्या संत तेरेसा, त्या नेमक्या त्याच रात्री गेल्या. बर्फबिर्फ काही नाही, दुसऱ्याच दिवशी पुरलं, फक्त दुसरा दिवस १५ होता.

उगाचच :
म्हणजे त्या महिन्याचा पगार एकवीस दिवसांचा?

निवांत :
हसण्यावारी नेऊ नका, भाडं, व्याज, मुदती या सगळ्यांचा घोळ होणारच होता आणि फर्मानातच मुदतींचं काय करायचं ते लिहून दिलं होतं. ऑक्टोबर निवडला त्यालाही कारण आहे, त्या दहा दिवसांत मोठे सण कमी पडत होते. मी इतिहास शिकवतो, वर्गात हे सांगितलं की पोरं पहिल्यांदा जागी होतात.

गणितकाकू :
थांबा थांबा. मला ही गोष्ट ऐकून माहीत होती पण हिशेबात आणायचं सुचलं नाही, ही माझी चूक. आता ताळा करून बघते. आठवडा तर मोडला नाही ना, गुरुवारनंतर शुक्रवारच आला? मग सोपं आहे. ४ ऑक्टोबर १९५७ ला शुक्रवार होता हे नक्की. गुरुवारपासून निघून शुक्रवारवर पोचायचं तर एकूण दिवसांना सातने भागल्यावर बाकी एक उरली पाहिजे. माझ्या १,३६,९६६ ला भागलं तर बाकी उरते ४, म्हणजे सोमवार येतो, साफ चूक. दहा वजा करून १,३६,९५६, त्याला भागलं तर १९,५६५ आठवडे आणि बाकी १. शुक्रवार. जमलं!!
हे असलं काही जुळलं ना की दिवस चांगला जातो.

तारखेवाला :
काकू _/\_ हा ताळा माझ्याकडे पण नव्हता, मी आपलं खगोलवाल्यांच्या ज्युलियन दिनांकांची (तारखा सोडून सलग मोजलेल्या दिवसांची) वजाबाकी केली होती. उत्तर तेच, १,३६,९५६. रात्रीपर्यंत दम काढणार होतो पण तुम्ही दुपारीच फोडलंत.

शंकासुर :
आणि दहाच का, हेही सांगून टाका कोणीतरी, नाहीतर लोकांना वाटतं पोपच्या लहरीवर होतं.

गणितकाकू :
सांगते, आता हातात पेन्सिल आहेच. जुनं ज्युलियन वर्ष ३६५.२५ दिवसांचं, दर चौथं वर्ष लीप, अपवाद नाही. खरं ऋतूंचं वर्ष ३६५.२४२२. फरक ०.००७८ दिवस, म्हणजे वर्षाला सुमारे ११ मिनिटं. एवढ्याशा ११ मिनिटांनी काय होतं असं वाटतं पण १२८ वर्षांत पूर्ण दिवस सरकतो. ईस्टरचा हिशेब ३२५ सालच्या नायसियाच्या ख्रिस्ती धर्मपरिषदेच्या वेळेचा धरून चालत होते, २१ मार्च हा वसंतसंपात, म्हणजे दिवस-रात्र सारखे असण्याचा दिवस. ३२५ ते १५८२ म्हणजे १,२५७ वर्षं, भागिले १२८, ९.८. म्हणून दहा. सोळाव्या शतकात खरा संपात ११ मार्चच्या आसपास येऊन पोचला होता. नुसते दहा दिवस उडवून भागत नाही, पुढे परत गळती नको म्हणून ४०० वर्षांत लीप वर्षं १०० ऐवजी ९७ केली.
जाता जाता, ४०० वर्षांचे दिवस होतात १,४६,०९७ आणि त्याला सातने निःशेष भाग जातो, त्यामुळे दर ४०० वर्षांनी कॅलेंडर वारासकट जसंच्या तसं परत येतं. आणि या चक्रात १३ तारीख सगळ्यात जास्त वेळा शुक्रवारीच पडते, ४८०० पैकी ६८८ वेळा. उगाच नाही घाबरत लोक.

रातकिडा :
उशीर झाला यायला. १ चं उत्तर ८३.६ किलो, व्यास ५८ सेंमी, चार लांब अँटेना मागे मिशांसारख्या. उगाचचला पूर्ण मार्क द्या.

पण तारखेवाले, तुमच्या १ नंबरच्या प्रश्नाच्या तारखेवरच माझा आक्षेप आहे. स्पुटनिक उडालं तेव्हा मॉस्कोत रात्रीचे साडेदहा वाजायला आले होते, ४ तारीख, बरोबर. ग्रीनिचला संध्याकाळचे साडेसात, तीही ४ तारीख. पण रॉकेट मॉस्कोतून उडालं नाही, ते उडालं कझाकस्तानातल्या त्युराताम स्टेशनजवळून, आणि तिथे मध्यरात्र उलटून गेली होती. ज्या जमिनीवरून ते उडालं त्या जमिनीवर ५ ऑक्टोबर होता. मग दिनविशेष कुठल्या तारखेचा?

(त्या जागेला आपण बैकोनूर म्हणतो ते पण गंमतच आहे, त्या नावाचं मूळ गाव तिथून ३०० किमीपेक्षा लांब आहे. म्हणजे जागाही वेगळी आणि तारीखही वेगळी.)

तारखेवाला :
अहो सगळं जग ४ च म्हणतं. संयुक्त राष्ट्रांचा अंतराळ सप्ताहसुद्धा ४ ते १० ऑक्टोबर असतो, ४ स्पुटनिकसाठी आणि १० हा १९६७ चा अंतराळ करार लागू झाला म्हणून.

रातकिडा :
म्हणू दे, मी पण ४ च म्हणतो. मला एवढंच म्हणायचंय की "आजच्या दिवशी" हे कुणाच्या आजच्या, हे कोणी विचारत नाही. अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्सप्लोरर १ घ्या, तिथे ३१ जानेवारी १९५८ ची रात्र, ग्रीनिचला १ फेब्रुवारी, आणि दोन्ही तारखा छापलेल्या सापडतात. चंद्रावर पाऊल ठेवलं ती अमेरिकेत २० जुलैची रात्र होती, ग्रीनिचला २१ जुलैची पहाट. क्विझमध्ये एका तारखेला बरोबर आणि दुसरीला चूक देतात, ते मला पटत नाही.

निवांत :
रातकिडा, स्पुटनिकचं अजून लिहा ना. बीप बीपचं.

रातकिडा :
लिहितो, हा माझा आवडता विषय आहे, कंटाळा आला तर सरळ सांगा.

मुळात स्पुटनिक हा प्लॅन बी होता. सोव्हिएत लोकांना एक टनाच्या वरची, उपकरणांनी भरलेली प्रयोगशाळाच वर पाठवायची होती, पण ती वेळेत होईना, आणि त्यांच्या रॉकेट कार्यक्रमाचा प्रमुख कोरोल्योव्ह, त्याला धास्ती होती की अमेरिकन आधी जातील. म्हणून त्याने साधा गोळा करून घेतला. आत बॅटऱ्या, एक वॅटचा रेडिओ ट्रान्समीटर, नायट्रोजन वायू आणि गार ठेवायला एक पंखा. बाहेरून आरशासारखा घासूनपुसून चकचकीत. ती मोठी प्रयोगशाळा नंतर मे १९५८ मध्ये स्पुटनिक ३ म्हणून गेली, १,३२७ किलोची, पण तिचं नाव आज कोणाच्या तोंडात आहे?

बीप २०.००५ आणि ४०.००२ मेगाहर्ट्झवर होते. यातली पहिली फ्रिक्वेन्सी तर हौशी रेडिओवाल्यांच्या सेटवर अगदी आरामात लागणारी, आणि सोव्हिएतांनाही तेच हवं होतं की जगभर कोणीही कानाने ऐकावं. मी त्याचं रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकलंय, त्यात नुसता आवाज नाही, एक लय आहे, बीप मग तेवढीच शांतता मग परत बीप, आणि गोळा जवळ येताना सूर किंचित चढा आणि लांब जाताना उतरता. रुळाशेजारी उभं राहून गाडीची शिट्टी ऐकताना होतं तसंच.

हेच चढणं उतरणं अमेरिकेत दोघा तरुण शास्त्रज्ञांनी पकडलं, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतले ग्वायर आणि वायफेनबाख. नुसत्या सुराच्या बदलावरून त्यांनी उपग्रहाची कक्षा काढून दाखवली. मग त्यांचा साहेब मॅक्ल्युअर म्हणाला की जमिनीवरची जागा माहीत असताना आकाशातली काढता येते, तर आकाशातली माहीत असेल तर जमिनीवरची का नाही काढता येणार? त्यातून ट्रान्झिट नावाची पाणबुड्यांसाठीची उपग्रह यंत्रणा आली आणि त्याच वाटेने पुढे जीपीएस. मोबाईलमधली बाई "दोनशे मीटरवर डावीकडे वळा" म्हणते ना, तिचं मूळ त्या बीपमध्ये आहे.

आणि एक राहिलंच. त्या वेळी लोकांनी अंगणात, गच्चीवर उभं राहून "स्पुटनिक बघितलं" ते बहुतेकांनी स्पुटनिक बघितलंच नव्हतं, त्यांनी त्याच्याबरोबर कक्षेत गेलेला रॉकेटचा मोठा भाग बघितला. गोळा नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल न दिसेल असा. बॅटरी तीन आठवडे टिकली, २६ ऑक्टोबरला बीप बंद, आणि ४ जानेवारी १९५८ ला वातावरणात शिरून जळून गेला.

उगाचच :
कंटाळा अजिबात आला नाही. फक्त माझ्या वजनाच्या वस्तूने एवढं केलं आणि मी काय करतोय असं वाटून गेलं

शंकासुर :
दिवसाचा मुद्दा निघालाच आहे तर मी एक जुनं उकरतो. तारखेवाले, ८ जानेवारीला तुम्ही गॅलिलिओचा स्मृतिदिन टाकला होता आणि खाली लिहिलं होतं की "ज्या वर्षी गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, जणू मशाल हातातून हातात गेली". मी तेव्हा गप्प बसलो होतो, आता बसत नाही.

तारखेवाला :
त्यात काय चुकलं? गॅलिलिओ ८ जानेवारी १६४२, न्यूटन २५ डिसेंबर १६४२.

शंकासुर :
गॅलिलिओची तारीख इटलीतली, म्हणजे नव्या कॅलेंडरची. न्यूटनची इंग्लंडची, म्हणजे जुन्या. इंग्लंडने पोपचं कॅलेंडर १७५२ पर्यंत घेतलंच नाही. न्यूटनचा जन्म इटलीच्या कॅलेंडरात बघितला तर ४ जानेवारी १६४३. दोघांना एकाच पट्टीने मोजा, कुठल्याही मोजा, आणि मला "त्याच वर्षी" करून दाखवा.

तारखेवाला :
जुन्या पट्टीने गॅलिलिओ २९ डिसेंबर १६४१.... नव्याने न्यूटन १६४३.... अरे देवा. मी हे शाळेपासून सांगत आलोय. मशाल तर मशाल, हातच पोचत नाहीयेत.

निवांत :
वाईट वाटून घेऊ नका, यात जग फसलंय. शेक्सपिअर आणि सर्व्हांतेस दोघं २३ एप्रिल १६१६ ला गेले म्हणतात, पण शेक्सपिअरचा २३ एप्रिल इंग्लंडचा, स्पेनच्या हिशेबाने तो ३ मे येतो. आणि सर्व्हांतेस गेला २२ ला, २३ ला त्याला पुरलं. म्हणजे एक दिवस काय, अकरा दिवसांचं अंतर. तरीही युनेस्कोने २३ एप्रिल हाच जागतिक पुस्तक दिन ठेवलाय आणि माझी काही तक्रार नाही, पुस्तकं वाचली जाणार असतील तर कुठलाही दिवस चालेल.

मला यात सगळ्यात आवडतो तो स्वीडन. त्यांनी ठरवलं की एकदम उडी नको, १७०० ते १७४० पर्यंत प्रत्येक लीप दिवस गाळायचा म्हणजे हळूहळू पोचू. १७०० ला गाळला. मग युद्धाच्या गडबडीत १७०४ ला गाळायचं राहिलं, १७०८ ला पण राहिलं. आता त्यांचं कॅलेंडर ना जुन्याशी जुळे ना नव्याशी, सगळ्या युरोपात एकटेच. शेवटी वैतागून परत जुन्यावर आले आणि गाळलेला दिवस भरून काढायला १७१२ साली फेब्रुवारी ३० दिवसांचा केला. ३० फेब्रुवारी ही तारीख खरोखर होऊन गेलीय. आणि एवढं करून १७५३ ला सरळ उडी मारलीच.

उगाचच :
३० फेब्रुवारीला जन्मलेल्याचे वाढदिवस किती झाले असतील हो

गणितकाकू :
मला एक विचारायचंय, आठवडा कधीच मोडला नाही यावर माझा अख्खा ताळा उभा आहे. हे सगळीकडे खरं आहे का?

शंकासुर :
रोम, स्पेन, इंग्लंड, रशिया सगळीकडे खरं. इंग्लंड १७५२, बुधवार २ सप्टेंबर नंतर गुरुवार १४. रशिया १९१८, ३१ जानेवारीनंतर १४ फेब्रुवारी, म्हणून तर ऑक्टोबर क्रांतीचा दिवस नोव्हेंबरात येतो. वार सगळीकडे शाबूत.

पण अलास्का काकू, अलास्का. १८६७ ला रशियाने ते अमेरिकेला विकलं तेव्हा कॅलेंडर पण बदललं आणि ते वाररेषेच्या आशियाकडच्या बाजूकडून अमेरिकेकडच्या बाजूलाही आलं. शुक्रवार ६ ऑक्टोबर, आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवार १८ ऑक्टोबर. लागोपाठ दोन शुक्रवार. एकोणिसाव्या शतकात दोन कॅलेंडरांत १२ दिवसांचा फरक होता पण वाररेषेमुळे एक दिवस परत मिळाला म्हणून ११ च उडाले.

गणितकाकू :
म्हणजे माझी पद्धत अलास्कात नापास.

शंकासुर :
आणि सामोआतही. तिथे २०११ ला गुरुवार २९ डिसेंबरनंतर एकदम शनिवार ३१, वाररेषेच्या आशियाकडच्या बाजूला यायचं होतं म्हणून. त्या वर्षी तिथे शेवटचा शुक्रवार झालाच नाही.

मीपण_आलो :
मी नवीन आहे, इथे उत्तर द्यायला उशीर झालाय का? ६ मला येतंय. स्पेसशिपवन. खाजगी यानाने माणूस अंतराळाच्या हद्दीपर्यंत नेऊन परत आणायचा आणि दोन आठवड्यांच्या आत तेच यान परत उडवायचं अशी अट होती. तीन माणसं बसतील असं यान हवं होतं, पण प्रत्यक्षात पायलट एकटाच गेला आणि बाकी दोघांच्या जागी वजन ठेवलं. पहिलं उड्डाण २९ सप्टेंबर, दुसरं ४ ऑक्टोबर, ११२ किमी उंची गाठली, पायलट ब्रायन बिनी, डिझाइन बर्ट रुटानचं. स्पुटनिकच्या ४७व्या वाढदिवशी.

तारखेवाला :
स्वागत आणि पूर्ण मार्क. उशीर वगैरे काही नाही, इथे लोक १५८२ ची भांडणं आज करतायत.

रातकिडा :
४ ऑक्टोबरलाच स्पुटनिकनंतर बरोबर दोन वर्षांनी, १९५९ ला लुना ३ उडालं, ते का नाही विचारलंत? चंद्राची मागची बाजू माणसाने पहिल्यांदा बघितली ती त्याच्यामुळे, ७ ऑक्टोबरला फोटो काढले, एकूण २९. डिजिटल नाही हां, खरी फिल्म, यानातच धुतली, सुकवली, मग प्रकाशाच्या ठिपक्याने स्कॅन करून रेडिओवरून खाली पाठवली. आणि ती फिल्म कुठली? अमेरिकेने हेरगिरीसाठी सोडलेले फुगे सोव्हिएत हद्दीत पडले होते, त्यातली काढून घेतलेली, कारण तशी किरणोत्सर्गाला न दबणारी फिल्म यांच्याकडे नव्हती. फोटो धुरकट आहेत पण त्यावर मोठे काळे सपाट डाग पुढच्या बाजूपेक्षा कितीतरी कमी आहेत हे स्पष्ट दिसतं, तोवर कोणाच्या डोक्यातही नव्हतं की दोन बाजू इतक्या वेगळ्या असतील.

तारखेवाला :
राहिलं. पुढच्या वर्षी विचारतो, आता उत्तर फुटलं तरी.

३ बद्दल थोडं. ओरिएंट एक्सप्रेस बरोबर, नागेलमाकर्स या बेल्जियन माणसाची कंपनी. त्या पहिल्या गाडीने थेट कॉन्स्टँटिनोपलला जाता येत नव्हतं हे मला आवडतं. रोमानियात जुर्जूला उतरायचं, बोटीने डॅन्यूब ओलांडायची, पलीकडे दुसरी गाडी पकडून वार्नाला जायचं आणि तिथून जहाज. सलग रूळ १८८९ ला झाले.

शंकासुर :
मला वाटलंच होतं तुम्ही हे टाकणार. ती गाडी जूनपासूनच चालू होती. ५ जून १८८३, पॅरिस ते व्हिएन्ना. ४ ऑक्टोबर हा पाहुणे, पत्रकार घेऊन केलेला औपचारिक प्रवास.

तारखेवाला :
तुम्ही मला सुखाने जगू देऊ नका. प्रश्नात मी फक्त "एक गाडी सुटली" लिहिलंय, "पहिली" लिहिलं नाही. बघा वर जाऊन.

शंकासुर :
बघितलं. यावेळी सुटलात.

निवांत :
५ पण तपासून घेतो, कारण १६६९ ला नेदरलँड्समध्येसुद्धा दोन तारखा चालू होत्या. हॉलंड प्रांताने नवं कॅलेंडर सुरुवातीलाच घेतलं होतं आणि उट्रेख्तसारखे शेजारचे प्रांत १७०० पर्यंत जुन्यावर अडून बसले होते, म्हणजे एका गावातून सकाळी निघून दुसऱ्या गावी दुपारी पोचलात तर दहा दिवस आधी पोचलात. रेम्ब्रांट अ‍ॅमस्टरडॅमचा, अ‍ॅमस्टरडॅम हॉलंडमध्ये, त्यामुळे ४ ऑक्टोबर पक्का नव्या हिशेबाचा. बिचाऱ्याला चार दिवसांनी एका भाड्याच्या थडग्यात पुरलं.

४ मध्ये वादाला जागा नाही, प्लँक, गटिंगेनमध्ये गेले. फक्त त्यांचं नोबेल १९१८ चं, पण दिलं १९१९ ला, हे पुढच्या क्विझला वापरा.

उगाचच :
४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सअ‍ॅप सगळं सहा तास बंद पडलं होतं ते कुणालाच आठवत नाही का? मी राउटर चार वेळा बंद चालू केला होता

रातकिडा :
राउटर बिचारा निर्दोष होता. त्यांच्याच आतल्या जाळ्यात देखभालीची एक कमांड चुकीची गेली, डेटा सेंटरं एकमेकांपासून तुटली, आणि मग त्यांच्या सर्व्हरांनी बाकीच्या इंटरनेटला आपला पत्ता सांगणंच बंद केलं. यंत्रं चालू, पण तिथपर्यंतचा रस्ता नकाशावरून गायब. आणि परत तेच, पूर्वेकडच्या देशांत ते सुरळीत झालं तोवर ५ तारीख लागली होती.

गणितकाकू :
आता शेवटचं विचारते. तेरेसाबाई ४ ला गेल्या, मग त्यांचा दिवस १५ ऑक्टोबरला का पाळतात? नवीन पट्टीने मोजलं तरी ४ नंतर लगेच १५ आहे, म्हणजे मृत्यूचा दिवस ४ च राहतो ना?

निवांत :
बरोबर पकडलंत. ४ ऑक्टोबर आधीच बुक होता, असिसीच्या संत फ्रान्सिसचा दिवस. प्राणीमित्र म्हणून प्रसिद्ध ते, म्हणून तर ४ ऑक्टोबर हाच जागतिक प्राणी दिन आहे, जो आधी मार्चमध्ये १९२५ ला बर्लिनमध्ये झाला होता आणि १९२९ पासून ४ ऑक्टोबरला आला. आणि ऐका, फ्रान्सिससुद्धा १२२६ साली ४ ला गेले नाहीत. ते गेले ३ च्या संध्याकाळी, पण तेव्हा तिथे सूर्य मावळला की पुढचा दिवस धरायचे, म्हणून ४.

शंकासुर :
म्हणजे ज्या तारखेसाठी तेरेसाबाईंना ११ आकडे पुढे सरकावं लागलं ती तारीख स्वतःच एक दिवस सरकलेली होती.

तारखेवाला :
गुण लिहितो आणि झोपतो. गणितकाकू साडेतीन, ७ चे तीन धरून, आधी चुकल्या म्हणून अर्धा कापलाय. शंकासुर दोन. उगाचच तीन, वजनाचा एक मान्य. रातकिडा एक, मीपण_आलो एक. निवांतसरांनी प्रश्न सोडून बाकी सगळ्याची उत्तरं दिली त्यामुळे शून्य. माझा एक वजा, गॅलिलिओचा. जानेवारीच्या पोस्टमधली मशाल काढून टाकतो.

गणितकाकू :
तीन मधून अर्धा कापलात आणि ओरिएंट एक्सप्रेसचा एक, मग साडेतीनच होतात. ठीक आहे. मी उगाच भांडायला आले होते.